गुंठ्यात न मावणारे विमान

हॉकर हरिकेन या लढाऊ विमानाच्या पंखांचा पसारा ४० फूट. १:४८ प्रमाणाच्या मॉडेलमध्ये तो बरोबर १० इंच भरतो. आपला गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जमीन. त्याच प्रमाणात तो सव्वाआठ इंचांचा चौकोन होतो. मी केलेले हरिकेन अशा एका गुंठ्याच्या पाटावर उभे आहे आणि त्याचे पंख दोन्ही बाजूंना पाऊण इंचाहून जास्त बाहेर आलेले आहेत. पाट एवढाच ठेवण्याचे कारण पुढे सांगतो. आधी विमान.

विमान १९४४ सालचे, इम्फाळच्या आघाडीवरचे. भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन तेव्हा अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली तिथे हरिकेन उडवत होती. काम मुख्यतः टेहळणीचे. खोक्यातले सुटे भाग जसेच्या तसे जोडले तर होते ते चार तोफांचे हल्ल्याचे विमान. टेहळणीच्या हरिकेनवर कॅमेरा आणि जादा रेडिओ चढवत, आणि त्या वजनाच्या बदल्यात एखाददोन तोफा उतरवत. म्हणून पंखांतून पुढे आलेल्या दोन नळ्या कापल्या, भोके पुटीने बुजवली आणि पॉलिश पेपरने घासून सपाट केली. नाकाखाली धूळ गाळणाऱ्या फिल्टरचा फुगवटा हवाच. मागच्या अर्ध्या धडावर पत्रा नसतो. लाकडी पट्ट्यांवर ताणलेले कापड असते. त्या पट्ट्यांच्या रेषा दिसाव्यात, पण बरगड्यांसारख्या उठू नयेत. माझा सर्वात जास्त वेळ यात गेला.

रंगात एक गोष्ट अर्थाची आहे. ब्रिटिश विमानांवरच्या गोल चिन्हाच्या मध्यभागी तांबडा ठिपका असे. जपानी विमानांवर तांबडी तबकडी. घाईत आपलेच विमान शत्रूचे वाटू नये म्हणून आपल्याकडच्या आघाडीवर तांबडा काढून टाकला आणि गडद व फिक्या निळ्यावर भागवले. दिल्लीला पालमच्या संग्रहालयात एक हरिकेन आहे, घडण पाहायला ते उत्तम. रंगाच्या बाबतीत मात्र कुठल्याही संग्रहालयातल्या विमानापेक्षा मी त्या काळच्या छायाचित्राला मान देतो. जतन करताना रंगाचा हात फिरतोच.

असे सगळे पुराव्याने ठरवता येते. वैमानिकांसाठी काढलेली पुस्तिकासुद्धा आज पुनर्मुद्रित मिळते. मग चाकांखाली काय ठेवायचे हा प्रश्न येतो, आणि तिथे बहुतेक मॉडेलकार तपकिरी भुकटी भुरभुरवून मोकळे होतात. मला ते पटत नाही. विमानाचा एकेक स्क्रू मोजायचा आणि जमीन मात्र कुणाचीच नसल्यासारखी दाखवायची, हा कुठला काटेकोरपणा?

इम्फाळच्या लढाईची पिछाडी आपल्या दारात होती. कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी उभी राहिली; फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये तिचे उल्हासनगर झाले. तिथल्या पत्त्यांतला 'कॅम्प नंबर' आजही त्या छावणीची आठवण ठेवून आहे. तिथून जवळच, मलंगगडाच्या वाटेवर, नेवाळीला महायुद्धाच्या काळात सरकारने विमानतळासाठी जमीन घेतली. अनेक गावांची मिळून दीड हजार एकरांहून अधिक. युद्ध संपल्यावर जमीन परत मिळेल असे सांगितले होते, असे शेतकरी कुटुंबे सांगत आली. सरकारी बाजू अशी की जमीन संरक्षण खात्याची आहे. मधल्या काळात भात तिथे पिकतच राहिला. पुढे नौदलाने कुंपणाचे काम काढले आणि २२ जून २०१७ रोजी आंदोलन पेटले: रस्ते अडवले गेले, पोलिसांच्या गाड्या जळल्या, छऱ्यांनी माणसे जखमी झाली. विमाने जाऊन सत्तर वर्षे उलटली होती.

माझे हरिकेन नेवाळीत उतरले होते असा माझा दावा नाही. ते इम्फाळचे, पाट नेवाळीचा. ठाण्यातल्या एका जाणत्या मॉडेलकाराने यावर आक्षेप घेतला: विमान एका जागचे, जमीन दुसऱ्या जागची, हा इतिहास नव्हे. नियमाने त्यांचे खरे आहे. पण ती लढाई लढण्यासाठी ज्या जमिनी गेल्या त्यांत ही होती, आणि मॉडेलच्या जगात तिला आजवर कुणी चार बोटे जागा दिलेली नाही.

गुंठा निवडला तो याचसाठी. एकर म्हटले की आकडा होतो. गुंठा म्हटले की आपल्याकडे माणसाला वाटणी, बांध, भाऊबंदकी आठवते. मॉडेल पाहायला येणारे बहुधा इंजिनाचे अश्वबळ विचारतात. मी १,२८० सांगतो. डोंबिवलीत एक गृहस्थ मात्र वाकून बराच वेळ चाकांकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारले, "सर्व्हे नंबर कोणता?"

पाटावर मी एक बांध घातला आहे. फूटभर उंचीचा, म्हणजे मापाने पाव इंच. डाव्या कडेने तो येतो, चाकांपाशी सपाट होतो आणि शेपटीमागे पुन्हा सुरू होतो. दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताचे सड आहेत. ते मी जुन्या ब्रशाच्या केसांचे केले.