चाकू लावायचा की नाही? फुप्फुसाच्या कर्करोगावरील उपचारांची कहाणी

आमच्या एका शिक्षकमित्राचे घर जेऊरला आहे. करमाळा तालुक्यातले हे गाव दौंड-सोलापूर रेल्वेमार्गावर असल्यामुळे दुखणे मोठे निघाले की माणसे इथून गाडी धरतात. कुणी कुर्डुवाडीला उतरून बार्शी गाठतो, कुणी पुण्याला जातो, कुणी थेट मुंबईला. मित्राच्या काकूंना बरेच महिने खोकला होता. क्षय समजून औषधे झाली, पण उतार पडेना. शेवटी पुण्यात फुप्फुसातला बारीक तुकडा काढून तपासला, तेव्हा कर्करोग निघाला. काकूंनी जन्मात विडी ओढलेली नाही. चुलीचा धूर मात्र चाळीस वर्षे घेतला. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन करायचे नाही, गोळ्या देऊ."

घरात लगेच दोन तट पडले. धाकट्या दिरांचे म्हणणे, "बरे झाले, चाकू लावला की कॅन्सर भडकतो." थोरला मुलगा मात्र खचला. त्याच्या मते ऑपरेशन नाही याचा अर्थ डॉक्टरांनी आशा सोडली. मित्राने आम्हाला विचारले, यांतले खरे काय? आम्हाला वाटते, दोन्ही खरे नाही. ते का, हे समजायला थोडे मागे जावे लागेल.

न्यूयॉर्कच्या आयझॅक ॲडलर यांनी 1912 साली या रोगावर पुस्तक लिहिले, तेव्हा जगभरच्या नोंदी धुंडाळून त्यांना जेमतेम 374 रुग्ण सापडले. इतक्या दुर्मिळ रोगावर पुस्तक कशाला, अशी त्यांनाच शंका होती! उपचार तर नव्हताच, कारण छाती उघडणे म्हणजे मृत्यू. याचे कारण तुम्ही वर्गात दरवर्षी दाखवता. काचेच्या हंडीत दोन फुगे टांगलेले, खाली रबराचा पडदा. पडदा ओढला की फुगे फुगतात. आता त्या हंडीला भोक पाडा. पडदा कितीही ओढा, फुगे लोळागोळाच राहतील. छातीला छेद दिला की हेच घडते. जर्मन शल्यविशारद सॉअरब्रुख यांनी 1904 मध्ये यावर अजब तोड काढली. रोग्याचे धड आणि शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर कमी दाबाच्या बंद खोलीत, आणि रोग्याचे डोके खोलीबाहेर! पुढे श्वासनलिकेत नळी घालून दाबाने हवा देण्याची सुटसुटीत पद्धत आली आणि ती खोली अडगळीत गेली.

5 एप्रिल 1933 रोजी अमेरिकेतील सेंट लुईस येथे एव्हर्ट्स ग्रॅहॅम यांनी जेम्स गिलमोर नावाच्या 48 वर्षांच्या रुग्णाची छाती उघडली. गिलमोर स्वतः डॉक्टर होते. बेत फुप्फुसाचा एक खंड काढण्याचा होता, पण गाठ पुढे सरकलेली दिसली. ग्रॅहॅम यांनी तिथल्या तिथे निर्णय घेऊन संपूर्ण डावे फुप्फुस काढले. कर्करोगासाठी एकाच बैठकीत पूर्ण फुप्फुस काढल्यावर रोगी जगल्याचे हे पहिले उदाहरण. गिलमोर पुढे तीस वर्षे जगले.

याच ग्रॅहॅम यांच्याकडे अर्न्स्ट वाइंडर हा विद्यार्थी आला आणि धूम्रपानाने हा रोग होतो का ते तपासू म्हणाला. ग्रॅहॅम स्वतः सिगारेट ओढत. त्यांना हे पटेना. नायलॉनच्या मोज्यांचा खपही तेवढाच वाढला आहे की, असे ते म्हणत. (दोन गोष्टी सोबत वाढल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे सांगायला वर्गात याहून चांगले उदाहरण नाही, मात्र इथे संबंध खरा निघाला.) 1950 साली दोघांनी 684 रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये डॉल व हिल यांचीही आली. ग्रॅहॅम यांनी सिगारेट सोडली, पण उशीर झाला होता. 1957 मध्ये ते फुप्फुसाच्या कर्करोगानेच गेले. रोग दोन्ही फुप्फुसांत पसरलेला होता. ज्या शस्त्रक्रियेने त्यांचे नाव झाले, तिचा त्यांना स्वतःला काही उपयोग नव्हता. त्यांचा रुग्ण त्यांच्यानंतर सहा वर्षे जगला.

1933 नंतर शल्यविशारदांचा हुरूप साहजिकच वाढला. पण सीटी स्कॅन नसलेल्या त्या काळात आत काय आहे ते छाती उघडल्यावरच कळे. कित्येकदा रोग हृदयाच्या आवरणापर्यंत पोचलेला दिसे आणि डॉक्टर काही न काढता छाती पुन्हा शिवून टाकत. असा रोगी घरी जाई आणि काही महिन्यांत दगावे. गावाला दिसे ते एवढेच: चाकू लावला आणि माणूस गेला. 'चाकू लावला की भडकतो' ही समजूत अशा अनुभवांतूनच पक्की झाली असावी. रोग आधीच पसरलेला होता, चाकूने तो पसरवला नव्हता. या भीतीने तपासणीपुरता तुकडा काढू देण्यासही लोक आजही नकार देतात आणि मोलाचे महिने जातात.

मग नेमके कोणाला कापायचे? हे ठरवायला अनुभवी डॉक्टरांचे मत पुरेना. ब्रिटनमध्ये लघुपेशी नावाच्या, फार झपाट्याने पसरणाऱ्या प्रकाराचे 144 रुग्ण घेतले. हे सर्व शस्त्रक्रियेला योग्य वाटलेले. कोणाला शस्त्रक्रिया आणि कोणाला किरणोपचार, हे जणू चिठ्ठ्या टाकून ठरवले. दहा वर्षांचा हिशेब 1973 साली आला, तेव्हा किरणोपचाराचा गट थोडासा का होईना सरस ठरला. या प्रकारात शस्त्रक्रिया त्यानंतर जवळजवळ बंद झाली; आज अगदी लहान, न पसरलेली गाठ सापडली तरच तिचा विचार होतो.

उरलेल्या प्रकारांत गाठ लहान आणि एकाच जागी असेल, रोग्याची फुप्फुसे व हृदय धड असेल, तर शस्त्रक्रिया हाच आजही पहिला उपाय मानतात. पण किती कापायचे हा वाद होताच. संपूर्ण फुप्फुस काढण्याऐवजी उजव्या बाजूच्या तीन किंवा डावीकडच्या दोन खंडांपैकी रोगट तेवढा काढला तरी भागते, हे 1950 नंतर दिसू लागले. खंडाहून कमी काढले तर रोग उलटण्याचे प्रमाण वाढते, असा निष्कर्ष 1995 मध्ये अमेरिकेतील प्रयोगातून निघाला आणि तोच नियम बनला. पुढे जपानी डॉक्टरांनी 1106 रुग्णांवर तो पुन्हा तपासला. गाठी दोन सेंटिमीटरपर्यंतच्या आणि फुप्फुसाच्या कडेच्या भागातल्या. 2022 साली निकाल आला: पाच वर्षांनंतर खंड काढलेल्यांपैकी 91.1 टक्के, तर खंडाचा केवळ भाग काढलेल्यांपैकी 94.3 टक्के हयात होते. ज्यांचे शरीर भूल आणि शस्त्रक्रिया सोसणार नाही, त्यांच्या लहान गाठीवर आता नेमका रोखलेला तीव्र किरणोपचार काही मोजक्या बैठकांत देतात.

गाठ लहान असताना सापडणे हीच खरी अडचण. फुप्फुसाला आतून दुखत नाही, आणि आपल्याकडे खोकला म्हटला की क्षय आधी आठवतो. त्यात नवल नाही, क्षय आहेच तेवढा. इथे सोलापूर जिल्ह्यातलाच एक अनुभव सांगण्यासारखा आहे, जरी तो दुसऱ्या कर्करोगाचा असला तरी. बार्शीला 1987 साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. रुग्णालयात बसून नोंदी होईनात, कारण खेड्यातले रोगी रुग्णालयापर्यंत येतच नसत. म्हणून कार्यकर्ते गावोगाव हिंडले, लक्षणे समजावून सांगत राहिले. काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया आधीच्या अवस्थेत येऊ लागल्या आणि त्या जास्त जगू लागल्या. त्यासाठी नवे औषध किंवा यंत्र लागले नव्हते. फुप्फुसाच्या बाबतीत एवढे सोपे नाही. साध्या एक्स-रेने शोध घेऊन मृत्यू घटले नाहीत. कमी मात्रेच्या सीटी स्कॅनने मात्र अतिधूम्रपान करणाऱ्यांतले या रोगाचे मृत्यू सुमारे 20 टक्क्यांनी घटल्याचे 2011 मध्ये अमेरिकेत दिसले. आपल्याकडे क्षयाचे जुने व्रण अशा स्कॅनमध्ये गोंधळ घालतात, शिवाय खर्च आहे.

आता काकूंकडे वळू. त्यांच्या छातीच्या आवरणात पाणी होते आणि त्यात कर्करोगाच्या पेशी सापडल्या. म्हणजे रोग एका जागी उरलेला नव्हता. फुप्फुस काढूनही तो मागे राहिलाच असता आणि काकूंची ताकद मात्र गेली असती. शस्त्रक्रियेला नकार होता तो यामुळे. काढलेल्या तुकड्याची जनुकीय तपासणीही झाली आणि पेशींना सतत वाढा असा हुकूम देणाऱ्या एका जनुकात बिघाड निघाला. या बिघाडाचा गोळीशी असलेला संबंध 2004 साली उलगडला. धूम्रपान न केलेल्यांत, विशेषतः स्त्रियांत, तो अधिक आढळतो. गेफिटिनिब ही गोळी तो हुकूम अडवते. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने असा बिघाड असलेल्या 350 रुग्णांवर केलेला प्रयोग 2019 साली प्रसिद्ध झाला. नुसत्या गोळीने रोग साधारण 8 महिने आटोक्यात राहत होता. सोबत केमोथेरपी दिल्यावर 16 महिने. दुष्परिणाम अर्थात वाढले. हा रोग समूळ जाणे नव्हे, हेही घरच्यांना सांगायला हवे होते, आणि ते मित्राने सांगितले.

थोरल्या मुलाने सगळे ऐकून एकच विचारले, "मग आधी कळले असते तर कापता आले असते?" कदाचित, असे आम्ही म्हणालो. काकूंनी गोळ्यांसोबत केमोथेरपी घ्यायची ठरवली आहे. दर तीन आठवड्यांनी जेऊरहून पुण्याची गाडी धरावी लागते. दम कमी झाला आहे, अंगावर पुरळ उठले आहे, आणि पुढच्या महिन्यात स्कॅन आहे.