गाडीचं नाक

२००२ साली सचिन तेंडुलकरने ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली आणि त्याला फेरारी ३६० मोडेना ही गाडी भेट मिळाली, हे बऱ्याच वाचकांना आठवत असेल. इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोनला मायकेल शूमाकरच्या हस्ते ती त्याला दिली गेली. पुढे आयात शुल्काच्या माफीवरून वादळ उठलं आणि आमच्या शिक्षकांच्या खोलीतही त्यावर भरपूर तोंडसुख घेऊन झालं. माझं लक्ष मात्र पेपरातल्या फोटोकडे होतं. दारांच्या मागे, मागच्या चाकांच्या वर, दोन्ही बाजूंना तोंडं कापलेली होती. ही शोभेची का, असं मी विज्ञानाच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, "शोभेची कशाला? इंजिन मागे आहे. त्याला श्वास नको?"

मी आयुष्यभर इतिहास आणि मराठी शिकवलं. पण त्या दिवसापासून रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीचं नाक कुठे आहे हे शोधायची मला खोड लागली.

आपण म्हणतो गाडी पेट्रोलवर चालते. खरं तर तिला पेट्रोलपेक्षा हवाच कितीतरी जास्त लागते. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा हवी, म्हणजे एका लिटरमागे नऊ-दहा हजार लिटर. आपली जुनी पद्मिनी घ्या. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, १०८९ सीसीची. मिनिटाला ४००० फेरे घेताना ती कागदोपत्री २१०० लिटरच्या आसपास हवा ओढते. सचिनची फेरारी ३५८६ सीसीची, ८५०० फेऱ्यांना पंधरा हजार लिटरच्या वर. तेव्हा ती तोंडं शोभेची नव्हेत हे उघड आहे.

अगदी पहिल्या मोटारींना नाक होतं पण नाकातले केस नव्हते. धूळ सरळ आत जायची. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे कण असतात, ते सिलिंडरला खरकागदासारखे घासतात. त्यावर तेलाचा फिल्टर आला. हवा आधी तेलाच्या पृष्ठभागावरून वळवायची. धूळ जड, तिला झटकन वळता येत नाही, ती तेलात रुतते. जुन्या जीप आणि ट्रॅक्टरवरचा तो डबा खेड्यात वाढलेल्या माणसांनी पाहिलेला असेल. पुढे घडीघडीच्या कागदाचे फिल्टर आले. १९६९ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या दोन मोटारसायकल विक्रेत्यांनी के अँड एन ही कंपनी काढली आणि तेल लावलेल्या सुती कापडाचा, धुऊन पुन्हा वापरता येणारा फिल्टर शर्यतवाल्यांत लोकप्रिय झाला. आज दुकानात काचेआड दिसणारी ती लाल शंकूसारखी वस्तू त्याच घराण्यातली.

आणि इथेच गंमत सुरू होते. माझा एक जुना विद्यार्थी गाड्यांच्या दुरुस्तीचं छोटं गॅरेज चालवतो. त्याच्याकडे पोरं येतात ती हा शंकू घेऊनच. कंपनीचा काळा प्लॅस्टिकचा डबा काढा आणि हा लावा, म्हणतात. तो लावला की गाडी गुरगुरते. पोरगं खूश! पण तो काळा डबा आवाज दाबण्याचंही काम करत असतो. आवाज वाढला म्हणून जोर वाढला, ही समजूत फटाक्यांच्या बाबतीत एक वेळ चालेल.

नागपूरकराला हे कूलरच्या भाषेत समजतं. कूलर आपण खिडकीत का बसवतो? बाहेरची कोरडी हवा आत यावी म्हणून. तोच कूलर बंद खोलीत मधोमध ठेवला की खोलीचीच दमट हवा फिरवत बसतो. बोनेटखाली उघडा ठेवलेला फिल्टर नेमकं हेच करतो, इंजिनाने तापवलेली हवा पुन्हा इंजिनालाच पाजतो. गरम हवा विरळ असते. २५ अंशांच्या तुलनेत ४५ अंशांची हवा सुमारे सहा टक्के हलकी. म्हणजे आपला मे महिना कुणी काही न करताच गाडीचा जोर कमी करतो. बोनेटखालची हवा ६० अंशांवर गेली तर आणखी साडेचार टक्के जातात. उलट बोनेटवर पुढे तोंड करून बसवलेलं ते रुबाबदार भोंगं ताशी १०० किलोमीटर वेगाला दाब किती वाढवतं? जेमतेम अर्धा टक्का. मला हा हिशेब फार आवडला. रुबाब अर्ध्या टक्क्याचा आणि सावली सहा टक्क्यांची!

नळीची लांबीही कामाची असते. झडप बंद झाली की धावत आलेली हवा आपटून मागे उसळते आणि लाट होऊन परत येते. ती परत येताना झडप उघडी सापडली तर हवा जास्त भरते, झोक्याला नेमक्या वेळी धक्का द्यावा तसं. १९६० च्या क्रायस्लर ३००-एफ गाडीत त्यासाठी तब्बल अडीच फुटांच्या नळ्या बसवल्या होत्या.

याच्या उलट टोकाची गोष्ट म्हणजे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची फॉर्म्युला स्टुडंट शर्यत. मुंबईच्या के. जे. सोमय्या महाविद्यालयाचा ओरायन रेसिंग हा तिथला आपल्याकडचा जुना संघ. या शर्यतीत पेट्रोल गाडीची सगळी हवा फक्त २० मिलिमीटरच्या भोकातून घ्यावी लागते. भोकात हवेचा वेग आवाजाच्या वेगाला पोचला की इंजिनाने कितीही ओढलं तरी जास्त हवा येत नाही. मग पोरं भोकाच्या अलीकडचा-पलीकडचा उतार घासूनपुसून दाबाची नासाडी वाचवतात. कोंडी केल्यावर अक्कल चालते, हे मी वर्गातही पाहिलेलं आहे.

माझ्या विद्यार्थ्याने स्वतःच्या डोक्याने एक डबा केला. चारी बाजूंनी बंद, आत मोठा कागदी फिल्टर, तोंड कर्ण्यासारखं पसरट, आणि हवा बोनेटबाहेरून. मोजायला त्याच्याकडे यंत्र नव्हतं. पारदर्शक नळी इंग्रजी यू सारखी वाकवून त्याने तिच्यात रंगीत पाणी भरलं आणि एक टोक फिल्टरच्या पलीकडे जोडलं. पाणी एक सेंटिमीटर सरकलं म्हणजे वातावरणाच्या दाबाचा हजारावा भाग वाया गेला. नव्या डब्यात पाणी कंपनीच्या डब्यापेक्षा कमी सरकलं, पण अगदी थोडं. "सर, कंपनीवाले मूर्ख नाहीत," तो म्हणाला. गिऱ्हाइकाला हे सांगायला मात्र तो बिचकतो, कारण त्याच्या डब्याला आवाज नाही आणि शंकू विकला तर त्याचा महिना निघतो. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, असा त्याचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये लावला. ते कात्रण मीच त्याला नेऊन दिलं.

थंड हवेसाठी त्याने डब्याची नळी आधी खाली, बंपरच्या आड नेली होती. मग २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आली. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घराघरांत शिरली आणि गाड्या जिथल्या तिथे बुडाल्या. हवा दाबता येते, पाणी दाबता येत नाही; नाकातून पाणी ओढलेल्या इंजिनाचा दांडाच वाकतो. त्यानंतरचे कित्येक दिवस त्याच्या गॅरेजमध्ये अशीच इंजिनं उघडलेली होती. ते आटोपल्यावर त्याने नळी बाहेर काढली, कापली आणि तोंड हेडलाइटच्या वर आणून बसवलं. तिथे हवा दोन-तीन अंश जास्त गरम मिळते. म्हणजे जेमतेम एक टक्का गेला, असं त्याने मला खडूने फरशीवर मांडून दाखवलं.