तळटीप : आजोबांचा बार आणि मामांचे काडतूस

७. सोमेश्वरनगरच्या उसाच्या फडात रानडुकरांवर आजोबा ‘घरीच बार भरत’, ते ठासणीच्या बंदुकीत. नळीच्या तोंडातून दारू, चिंधीचा बोळा आणि छर्रे घालून गजाने ठासायचे. थोडे कमीजास्त झाले तरी बार उडे, खांदा दुखे. पिकाच्या राखणीसाठी अशा बंदुकीचा परवाना १९५९ च्या शस्त्र अधिनियमातही मान्य आहे.

मामांची फौजेतली एसएलआर (सेल्फ लोडिंग रायफल) मात्र निराळी. ईशापूरला बनलेल्या या ७.६२ मिमी रायफलीत गोळी सुटताना निर्माण झालेल्या वायूचा काही भाग दट्ट्याला मागे रेटतो. रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते आणि २० गोळ्यांच्या मॅगझिनमधून पुढची वर येते. म्हणून पुंगळीचे माप आणि दारूचा दाब प्रत्येक वेळी सारखाच लागतो. दाब कमी पडला तर रायफल अडकते, जास्त झाला तर फुटूही शकते. अमेरिकेत हौशी नेमबाज वापरलेल्या पुंगळ्या घरी पुन्हा भरतात. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस तयार करणे गुन्हा आहे, आणि अशी लष्करी रायफल सामान्य नागरिकाला मिळतच नाही. फौजेतही जवान काडतूस बनवत नाही. ते खडकी (स्थापना १८६९) किंवा भुसावळजवळच्या वरणगावसारख्या दारूगोळा कारखान्यांतून येते. सरावानंतर पुंगळ्या वेचून, मोजून परत कराव्या लागतात. पुढे मामा गवतात तासभर शोधतात, ती हीच पुंगळी. – संपा.