पुण्याचे कलम, फ्लॉरिडाचा आंबा आणि एक जलरंगचित्र

१८८९ साली पुण्याहून आंब्याची काही कलमे अमेरिकेच्या कृषी खात्याकडे रवाना झाली. ती पाठवली जी. मार्शल वुड्रो यांनी. ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवीत आणि गणेशखिंडीच्या उद्यानाचे कामही पाहत. त्या कलमांत एक वाण होते मलगोबा.

कलमेच का, कोयी का नव्हेत? कोयीपासून उगवलेला आंबा मूळ झाडासारखाच निघेल याची शाश्वती नसते. वाण जसेच्या तसे हवे, तर त्याची फांदी दुसऱ्या रोपाच्या खुंटावर बांधावी लागते.

फ्लॉरिडात १८९४-९५च्या हिवाळ्यात कडाक्याची थंडी पडली. एल्ब्रिज गेल यांच्या बागेत पुण्याच्या कलमांपैकी एकच झाड तगले. १८९८ मध्ये त्याला फळ धरले आणि रेषा नसलेल्या त्या रसाळ गराने बागायतदार चकित झाले.

याच काळात कृषी खात्याचे चित्रकार देशभरातून आलेली फळे जलरंगात उतरवीत होते. रंगीत छायाचित्रण अजून हाताशी नव्हते आणि रोपवाटिकावाले एकाच फळाला मन मानेल ते नाव देत. वाणाची ओळख ठरवायला विश्वासार्ह नमुना हवा होता. १८८६ ते १९४२ या काळात अशी साडेसात हजारांवर चित्रे झाली. निम्म्याहून अधिक सफरचंदांची. नासपती, पीच आणि मोजके आंबेही त्यांत आहेत. डेबोरा ग्रिस्कम पॅसमोर या एकट्या चित्रकर्तीने सुमारे दीड हजार चित्रे काढली. अखंड फळ, शेजारी कापलेले फळ. सालीवरचा डाग, किडीचे भोकसुद्धा जसेच्या तसे. सौंदर्यासाठी काढलेल्या चित्रांत हा प्रामाणिकपणा क्वचितच आढळतो.

मलगोबाही त्या संग्रहात आहे. मात्र फ्लॉरिडाचा मलगोबा भारतातल्या मलगोब्याहून निराळा असावा, अशी शंका पुढे घेतली गेली. थंडीत वरची फांदी मेली आणि खालचा खुंटच फुटून वाढला, असा एक तर्क आहे. तो खरा मानला, तर चित्राखालचे नाव भारतातून गेलेल्या वाणाचे आणि चित्रातले फळ एका अनामिक खुंटाचे! तरीही चित्र खोटे ठरत नाही. चित्रकाराने नाव नव्हे, समोरचे फळ रंगवले होते.

याच फ्लॉरिडाच्या मलगोब्याच्या कोयी कॅप्टन जॉन हेडन यांनी १९०२ मध्ये लावल्या. वर्षभरात ते वारले. झाडे त्यांच्या पत्नीने सांभाळली. १९१० मध्ये त्यांतील एकाला लालबुंद फळे आली. तोच ‘हेडन’. जगभरच्या दुकानांत दिसणारा ‘टॉमी ॲटकिन्स’ या हेडनच्याच कोयीतून निघाला.