दोन काड्यांचं कूळ

चॉपस्टिक्सचा जन्म पंगतीत नाही, चुलीपाशी झाला. चीनमधल्या आनयांग इथे शांग राजवटीच्या राजधानीच्या अवशेषांत ब्राँझच्या काड्या सापडल्या. त्या सुमारे ३२०० वर्षांपूर्वीच्या. उकळत्या भांड्यात हात घालता येत नाही. आतलं ढवळायला, तुकडे उचलायला त्या वापरत असाव्यात, असं अभ्यासक मानतात.

जेवण मात्र हाताने किंवा चमच्यानेच होई. ‘लीजी’ या प्राचीन आचारग्रंथात भरडधान्याचा भात काड्यांनी खाऊ नये, असा दंडकच आहे. काड्या कशासाठी, तर रश्शातली भाजी उचलायला. पुढे कणकेच्या शेवया रुळल्या, दक्षिणेतला चिकट भात उत्तरेत पोचला. मिंग काळापर्यंत (१३६८-१६४४) काड्यांनी जेवणाचा ताबा घेतला आणि चमच्याच्या वाट्याला सूप तेवढं उरलं.

तोवर या काड्या शेजारीपाजारीही गेल्या होत्या आणि जिथे गेल्या तिथल्या पंगतीचे रीतिरिवाज त्यांना लागू झाले.

चीनमध्ये मधल्या थाळ्यांतून सगळ्यांनी घ्यायचं, म्हणून काड्या लांब आणि टोकाला बोथट. जपानमध्ये ज्याचं त्याचं वाढप वेगळं, त्यामुळे त्या आखूड. माशाचे काटे काढायला सोयीच्या, टोकदार. घरातल्या प्रत्येकाची जोडी ठरलेली. कोरियात त्या धातूच्या आणि सोबत चमचा हवाच. गोंगजू इथे १९७१मध्ये उघडलेल्या मुर्योंग राजाच्या (मृत्यू इ.स. ५२३) थडग्यात ब्राँझचे चमचे आणि काड्या दोन्ही निघाले. कोरियन माणूस आजही भात चमच्याने खातो आणि भाताचा वाडगा उचलणं तिथे असभ्य समजतात. जपानमध्ये नेमकं उलटं: वाडगा हातात न घेता त्यावर वाकून जेवणाऱ्याला वळण नाही, असं म्हणतात.

जपानी घरात काडीवरून काडीवर घास दिला, तर वडीलधारी माणसं लगेच टोकतात. कारण अंत्यसंस्कारात आहे. दहनानंतर नातलग अस्थी काड्यांनी उचलून कलशात ठेवतात, कधी एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत देतात. भातात काड्या उभ्या खोचणंही वर्ज्य. तसा भात मृतासमोर ठेवतात.

चीनमध्ये वाद उष्ट्याचा. यजमानाने स्वतःच्या काड्यांनी पाहुण्याच्या वाडग्यात चांगला तुकडा घालणं हे तिथे अगत्य. १९१०-११मध्ये मांचुरियातली प्लेगची साथ आटोक्यात आणणारे डॉ. वू लिएन-ते यांना त्यात रोगाचा प्रसार दिसला. थाळ्या फिरत्या तबकात ठेवाव्या, वाढायला वेगळे चमचे असावेत, असा आग्रह त्यांनी धरला. फिरतं तबक हॉटेलांनी उचललं, पण घरोघरी सवय बदलली नाही. २०२०मध्ये कोरोनाच्या साथीत चिनी सरकारने वाढायच्या वेगळ्या काड्यांची मोहीम पुन्हा हाती घेतली, तेव्हाही घरच्या माणसांत हा परकेपणा कशाला, अशी कुरबुर झालीच.