रूमॅटॉइड संधिवातातील ड जीवनसत्त्व आणि ऑक्सिडीकारक ताण

रूमॅटॉइड संधिवात अथवा आमवात या स्वयंप्रतिकार रोगात रुग्णांच्या रक्तातील ड जीवनसत्त्वाचे प्रमाण अनेकदा कमी आढळते आणि ऑक्सिडीकारक ताणाचे निदर्शक वाढलेले असतात. या दोन निरीक्षणांचा परस्परसंबंध हा संधिवातशास्त्रातील संशोधनाचा विषय आहे. जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे रोग बळावतो, की रोगामुळेच ती कमतरता दिसते, हा त्यातील कळीचा प्रश्न होय.

पार्श्वभूमी

या रोगात शरीराची प्रतिकारयंत्रणा सांध्यांच्या आतील अस्तरावर, म्हणजे संधिकलेवर, हल्ला करते. प्रौढांमध्ये त्याचे प्रमाण साधारणपणे अर्धा ते एक टक्का असून स्त्रियांमध्ये ते पुरुषांच्या दोन ते तीन पट आहे. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण पाहणीतही ते एक टक्क्याहून कमीच आढळले. आयुर्वेदातील ‘आमवात’ ही संज्ञा या रोगासाठी मराठीत रूढ झाली आहे. मात्र दोन्ही संकल्पना तंतोतंत एक नाहीत.

सांध्यातील ऑक्सिडीकारक ताण

ऑक्सिजनपासून निर्माण होणारी क्रियाशील संयुगे आणि त्यांना निष्प्रभ करणारी शरीरातील यंत्रणा यांचा समतोल ढळला, की त्या स्थितीस ऑक्सिडीकारक ताण म्हणतात. ही संज्ञा जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ हेल्मुट सीस यांनी १९८५ मध्ये रूढ केली.

सुजलेल्या सांध्यात असा ताण निर्माण होण्यास विशेष अनुकूल परिस्थिती असते. तेथे जमलेल्या न्यूट्रोफिल व महाभक्षक पेशी सुपरऑक्साइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात. न्यूट्रोफिलमधील एक विकर हायड्रोजन पेरॉक्साइडपासून हायपोक्लोरस आम्ल बनवते. पाण्यात टाकलेल्या ब्लीचिंग पावडरचा जंतुनाशक गुणही याच आम्लामुळे असतो. याखेरीज निव्वळ यांत्रिक असे एक कारण आहे. द्रव साचलेल्या सांध्याची हालचाल केली, की आतील दाब वाढून केशवाहिन्या दबतात व रक्तपुरवठा तात्पुरता खुंटतो. हालचाल थांबल्यावर रक्त पुन्हा वाहू लागते आणि त्यासोबत आलेल्या ऑक्सिजनपासून मुक्त मूलकांचा नवा लोंढा निर्माण होतो. हे चक्र दिवसभरात अनेकदा घडू शकते.

जो मॅकॉर्ड यांनी १९७४ मध्ये दाखवले, की सुपरऑक्साइडमुळे संधिद्रवातील हायल्युरॉनिक आम्लाच्या लांब साखळ्या तुटतात आणि सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे विकर त्यास अटकाव करते. साखळ्या तुटल्यामुळे द्रव पातळ होतो व सांध्याचे वंगण कमी पडते. पुढे कूर्चेचीही झीज होते. रुग्णांच्या रक्तात मॅलोनडायअल्डिहाइडचे वाढलेले आणि ग्लुटाथायोनचे घटलेले प्रमाण हे या ताणाचे नेहमीचे निदर्शक होत.

ड जीवनसत्त्वाची संभाव्य भूमिका

सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांमुळे त्वचेत तयार झालेल्या ड जीवनसत्त्वावर प्रथम यकृतात व नंतर मूत्रपिंडात प्रक्रिया होऊन कॅल्सिट्रायॉल हे क्रियाशील संप्रेरक बनते. हा अखेरचा टप्पा महाभक्षक पेशीही स्वतः पार पाडू शकतात. लसिका पेशी व महाभक्षक पेशी या दोन्हींमध्ये या संप्रेरकाचे ग्राही असतात; त्यामुळे त्याचे कार्य हाडांपुरते मर्यादित मानले जात नाही. पेशींवरील व प्राण्यांवरील प्रयोगांत त्याने दाहकारक संदेशवाहक प्रथिनांची निर्मिती रोखल्याचे आणि ग्लुटाथायोनसारख्या संरक्षक घटकांना चालना दिल्याचे दिसले आहे. प्रयोगशाळेत वापरलेली मात्रा मात्र अनेकदा रक्तातील नैसर्गिक प्रमाणापेक्षा बरीच अधिक असते.

मानवी अभ्यास

अमेरिकेतील आयोवा राज्यात २९,३६८ स्त्रियांचा ११ वर्षे पाठपुरावा करण्यात आला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आहारातून अधिक ड जीवनसत्त्व घेणाऱ्यांमध्ये हा रोग कमी आढळला. त्यानंतर २००८ मध्ये परिचारिकांच्या याहून मोठ्या अभ्यासात असा संबंध दिसला नाही. ‘व्हायटल’ या यादृच्छिक चाचणीत २५,८७१ व्यक्ती सहभागी होत्या. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, रोज २,००० एकक ड जीवनसत्त्व घेणाऱ्यांमध्ये सर्व स्वयंप्रतिकार रोगांचे एकत्रित प्रमाण सुमारे २२ टक्क्यांनी कमी होते. केवळ रूमॅटॉइड संधिवाताचे रुग्ण त्यात इतके थोडे होते, की त्या रोगापुरता स्वतंत्र निष्कर्ष काढता येत नाही. शिवाय पूरक मात्रा थांबल्यानंतर हा लाभ टिकून राहिला नाही.

रुग्णांमधील कमी पातळीचा अर्थ लावताना आणखी एक अडचण येते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर, आहार वा ऊन यांत विशेष बदल होण्याआधीच, दोन-तीन दिवसांत रक्तातील ड जीवनसत्त्वाची पातळी घसरते. म्हणजे केवळ दाहामुळेही ती कमी दिसू शकते. त्यातच सांधे दुखणारी व्यक्ती घराबाहेर कमी पडते. त्यामुळे एकाच वेळी घेतलेल्या रक्ततपासणीवरून जीवनसत्त्वाच्या अभावास रोगाचे कारण ठरवणे सदोष ठरते.

उपचारातील स्थान

ड जीवनसत्त्व हे मेथोट्रेक्सेटसारख्या रोगनियंत्रक औषधांना पर्याय नाही. प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइडे दीर्घकाळ घेणाऱ्यांची हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून कॅल्शियमसह ते दिले जाते. हा उपयोग दाह कमी होण्याच्या दाव्यापेक्षा कितीतरी अधिक सुस्थापित आहे.

१९३० व १९४० च्या दशकांत अमेरिकेत संधिवातावर या जीवनसत्त्वाच्या लाखो एककांच्या दैनिक मात्रा दिल्या जात. काही रुग्णांच्या रक्तातील कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत वाढले, मूत्रपिंडे निकामी झाली आणि मऊ ऊतींमध्ये कॅल्शियमचे थर साचले. त्यानंतर ही पद्धत मागे पडली. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० मध्ये प्रौढांसाठी दररोज ६०० एकक, म्हणजे १५ मायक्रोग्रॅम, इतके प्रमाण सुचवले. औषधांच्या दुकानांत सर्रास मिळणारे पाकीट ६०,००० एककांचे असते. कमतरता असलेल्या रुग्णास ते बहुधा आठवड्यातून एकदा व ठरावीक आठवड्यांपुरतेच लिहून दिले जाते. समजुतीच्या घोटाळ्याने ते दीर्घकाळ रोज घेतल्यास मळमळ, अतितहान, बद्धकोष्ठता व मूत्रपिंडाची हानी उद्भवू शकते.