तळटीप : पावावरची नारिंगी बुरशी
* ही न्यूरोस्पोरा. १८४२च्या उन्हाळ्यात पॅरिसमधल्या लष्करी पावावर हीच माजली होती. गाजराला रंग देणाऱ्या कॅरोटिनॉइड कुळातली द्रव्ये, विशेषतः न्यूरोस्पोरॅक्सँथिन, तिला नारिंगी करतात. तिचे तंतू अंधारात पांढुरकेच राहतात. निळा प्रकाश पडला की ‘व्हाइट कॉलर’ नावाची प्रथिने तो टिपतात आणि रंगद्रव्य घडवणारी जनुके कामाला लागतात. बीजाणू मात्र अंधारातही नारिंगी होतात, हे फार विलक्षण आहे. लेखकाने पुढे लाल अमानिटा अळंबीलाही याच कॅरोटिनॉइडांच्या रांगेत बसवले आहे, ते मान्य करता येत नाही : तिचा लाल रंग बीटातल्यासारख्या बीटालेन द्रव्यांचा. तेथे पिवळ्या शँटरेल अळंबीचे उदाहरण चपखल बसले असते. — संपादक